बहिरी कापशी आणि वाघ्या, दर चार-पाच दिवसांनी रात्री भांडणं: कारण काय निघालं आणि आम्ही काय बदललं

आधी प्रॉब्लेम सांगते. आमच्या घरात तीन कुत्री. वाघ्या सात वर्षांचा, गावठीच पण अंगानं कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यासारखा लांबट. चिंगी चार वर्षांची. आणि कापशी, तेव्हा दीड वर्षाची, पांढरीशुभ्र, गुलाबी नाक, एक डोळा निळा, आणि दोन्ही कानांनी ठार बहिरी. दिवसभर तिघांचं छान चालतं, एका सावलीत झोपतात, एकमेकांची तोंडं चाटतात, आणि मग दर चार-पाच दिवसांनी मध्यरात्री अचानक वाघ्या आणि कापशी एकमेकांच्या अंगावर. आवाज असा की शेजारचे लाईट लावून बाहेर येतात. एकदा कापशीचा कान फाटला, एकदा वाघ्याच्या पायाला तीन टाके पडले, आणि एकदा सोडवायला गेलेल्या मिस्टरांच्या पोटरीत दात लागले. सकाळी बघावं तर दोघं शेजारी शेजारी बसलेले. ज्यांच्याकडे बहिरं कुत्रं आहे आणि ऐकू येणारी पण आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल, म्हणून सविस्तर लिहितेय, कारण आम्हाला हे कळायला जवळजवळ सहा महिने लागले आणि त्या सहा महिन्यात कापशीला देऊन टाकायची पण भाषा झाली होती घरात.

पहिले काही महिने जे जे केलं ते वाया गेलं. खाण्यावरून असेल म्हणून ताटल्या वेगवेगळ्या खोलीत ठेवल्या, काही फरक नाही. माजावर येण्यामुळं असेल म्हणून कापशीचं ऑपरेशन करून घेतलं, ते तसंही करायचंच होतं कारण असा बहिरेपणा पिलांत उतरतो, पण भांडणं तशीच. दुखणं असेल म्हणून दोघांचे दात, कान, सांधे तपासून घेतले, काही निघालं नाही (हे मात्र सगळ्यात आधी करा, दुखणारं कुत्रं चावतंच, त्यात त्याचा स्वभाव बघायचा नसतो). मग ओळखीतल्या एकानं सांगितलं की वाघ्या मोठा आहे, तो बॉस, कापशीला त्याच्यासमोर उताणी पाडून दाबून धरा म्हणजे तिला तिची जागा कळेल. आम्ही दोनदा केलं आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. ही बॉसगिरीची कल्पना आली कुठून तर पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचं रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये जे लिहिलं त्यातून. ज्या लांडग्यांच्या अभ्यासकामुळं, डेव्हिड मीच यांच्यामुळं, ती पुढं जगभर पसरली त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब. आणि बहिऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तर हे दाबणं जास्तच घातक, कारण आपले हात हीच तिची भाषा, आणि त्याच हातानं तिला दाबलं तर ती हाताकडं बघायचंच सोडते. कापशीनं पुढचे पंधरा दिवस माझा हात वर गेला की मान फिरवली.

आता ती बहिरी आहे हे कधी कळलं ते सांगते, कारण त्यात पण एक गोष्ट आहे जी पुढं कामाला आली. आम्ही सोलापूरला अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो, घराला लागूनच सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, यंत्रमागाची शेड आहे, आठ माग, टॉवेल निघतात, सकाळपासून रात्रीपर्यंत खटखट खटखट. कापशीला पोरानं उचलून आणली तेव्हा ती दोन महिन्यांची असेल. ती मागाच्या अगदी शेजारी गाढ झोपायची आणि आम्हाला काय कौतुक, म्हणायचो बघा सोलापूरचं पिल्लू आहे, मागाच्या आवाजावर झोपतंय. बोलावलं की यायची पण. म्हणजे आम्हाला वाटायचं यायची, खरं म्हणजे चिंगी उठायची आणि चिंगीला बघून ही उठायची. पाच महिन्यांची झाली तेव्हा एका दुपारी लाईट गेली, सगळे माग बंद, एकदम शांतता, आणि अण्णांच्या हातून पितळेची घागर तिच्या मागं फरशीवर पडली. वाघ्या पळाला, चिंगी पळाली, मी पण दचकले, आणि कापशी पोतं पडल्यासारखी झोपलेली. अण्णा म्हणाले, "अगं सूनबाई, हिला ऐकूच येईना वाटतं."

त्याच्या आधी एका ठिकाणी दाखवलं होतं तेव्हा कानात इन्फेक्शन आहे म्हणून महिनाभर ड्रॉप्स घालायला दिले होते, ऐकू येतं का हे कुणी बघितलंच नाही. आम्ही पण विचारलं नाही. एक सांगून ठेवते, कानाचे ड्रॉप्स मनानं घालू नका, पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिन, निओमायसिन असली औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात, आधी पडदा बघायला सांगा.

घरी तपासायचं असेल तर कुत्रं एकटं असताना आणि झोपलेलं असतानाच तपासा. दुसरं कुत्रं खोलीत असेल तर ते हललं की हे हलतं आणि तुम्हाला वाटतं ऐकू आलं. टाळी जवळ वाजवू नका कारण हवा लागते, पाय आपटू नका, दार आपटू नका, सावली पडू देऊ नका. लांबून शिट्टी, किल्ल्यांचा जुडगा, बाटली चुरगळणं असे वेगवेगळे आवाज. एकाच कानानं बहिरं असेल तर मात्र हे घरी कळणं अवघड, असं कुत्रं ऐकतं पण आवाज कुठून आला ते त्याला कळत नाही, भलतीकडंच बघत बसतं. पक्कं कळायचं तर बेअर नावाची टेस्ट असते, डोक्यावर बारीक इलेक्ट्रोड लावून कानात टिकटिक असा आवाज देतात आणि मेंदूपर्यंत सिग्नल पोचतो का ते बघतात, पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झालं की करता येते.

हे होतं कशामुळं तर रंगामुळं. आतल्या कानात पण रंगपेशी लागतात, तिथल्या रक्तवाहिन्यांचा थर नीट राहायला त्या हव्या असतात. ज्या पिलात पांढऱ्या रंगाचा जीन जोरात असतो त्याच्या कानात त्या पोचतच नाहीत, मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ऐकण्याच्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. पिलाचे कान उघडतात साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे कापशीनं ऐकलंच असेल तर जेमतेम आठवडा-दोन आठवडे. डालमेशियनमध्ये हे सगळ्यात जास्त अभ्यासलंय, अमेरिकेत तपासलेल्या डालमेशियनपैकी साधारण ३० टक्के एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. आपल्याकडं तमिळनाडूच्या पांढऱ्या राजापालयममध्ये पण दिसतं. प्रत्येक पांढरं कुत्रं बहिरं असतं असं नाही, वाघ्याच्या पोटाखाली पण पांढरं आहे, पण पूर्ण पांढरं आणि निळा डोळा असेल तर एकदा तपासा.

आता भांडणं. बहिरी आहे हे कळूनही कित्येक महिने आम्ही हेच धरून चाललो की बहिरी कुत्री रागीट असतात. मग मी एक वही केली. काही मोठं नाही, पोराची जुनी गणिताची वही, भांडण झालं की तारीख, वेळ, कुठं, कोण जागं होतं, लाईट होती का, माग चालू होते का एवढंच लिहायचं. अडीच महिन्यात पंधरा भांडणं. वाचून काढताना सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी तारखा ऐकल्या आणि म्हणाल्या, या तर सगळ्या पाण्याच्या रात्री आहेत.

सोलापूरच्या लोकांना सांगायला नको. आमच्याकडं पाणी चार दिवसांनी, कधी पाच, आणि वेळ पक्की नाही, बऱ्याचदा रात्री बारा ते तीनच्या मधे. सासूबाई पाण्याच्या तारखा कॅलेंडरवर खुणा करून ठेवतात. वही आणि कॅलेंडर शेजारी ठेवलं. अडीच महिन्यात पाणी सतरा वेळा आलं होतं. बारा वेळा रात्री, बाराही वेळा भांडण. पाच वेळा दिवसा किंवा संध्याकाळी उजेडात आलं होतं, पाचही वेळा काही नाही. उरलेली तीन भांडणं म्हणजे दोन लाईट गेलेली असताना आणि एक हाडावरून.

मग एका पाण्याच्या रात्री मी मुद्दाम जागी राहिले आणि बघितलं. नळाला पाणी यायच्या आधी हवा सुटते ना, फुस्स करून, ती आम्हाला ऐकू येत नाही पण वाघ्याला येते. तो भुंकत मागच्या दाराकडं पळतो, सात वर्षं हीच त्याची ड्युटी, त्याच्या भुंकण्यावर आम्ही उठतो. मागच्या दाराला जायला एक अरुंद बोळ आहे आणि त्या बोळात शहाबादी फरशी थंड असते म्हणून कापशी तिथंच झोपते. अंधार. वाघ्या तिच्यावरून उडी मारतो, एखादा पाय तिच्या अंगावर पडतो. ती झोपेतून उठते ती थेट अंगावर काहीतरी मोठं आहे म्हणूनच, आणि तोंड टाकते. कुठलंही झोपलेलं कुत्रं टाकेल, पण ऐकू येणाऱ्याला पावलं आधी ऐकू येतात, त्याची अर्धी झोप आधीच गेलेली असते. वाघ्या गुरगुरतो, म्हणजे त्याच्या भाषेत तो सांगतो की मी आहे, बास कर. तिला ते ऐकू येत नाही. मग तो ओठ वर करतो, अंग ताठ करतो, हे तिला एरवी बरोबर कळतं, पण अंधारात दिसत नाही. म्हणजे आवाज तर नव्हताच आणि आता डोळे पण गेले, दोघांमध्ये बोलायला काही शिल्लकच राहिलं नाही. मग दात. आणि आम्ही हंडे-कळश्या घेऊन धावतोय, मोटर लावतोय, वाघ्यावर ओरडतोय. सगळं मिळून दहा सेकंद.

ती वही वाचल्यावर मला रडूच आलं, कारण आम्ही वाघ्याला एवढे दिवस गुरगुरला की फटकारत होतो. गुरगुरणं म्हणजे भांडण नाही, भांडण टाळायची सूचना आहे ती. तिला ऐकू जात नाही म्हणून त्याचं गुरगुरणं एका बाजूनं फुकट, आणि वर आम्ही त्याला त्याबद्दल रागावणार, मग त्यानं गुरगुरणंच सोडलं आणि थेट चावायला लागला. हे ज्यांच्या घरी चालू असेल त्यांनी आजपासून बंद करा. गुरगुर ऐकू आली की ओरडायचं नाही, दुसऱ्या कुत्र्याला तिथून हलवायचं.

आणि गुरगुरण्यात किती काय असतं बघा. हंगेरीतल्या अभ्यासकांनी २०१० मध्ये एक प्रयोग छापला होता, हाडाजवळ स्पीकर लपवून गुरगुरण्याचे रेकॉर्डिंग वाजवले. खाणं राखतानाची गुरगुर वाजली की हाडाकडं आलेली कुत्री जास्त वेळा मागं सरली, खेळातली किंवा परक्या माणसावरची गुरगुर वाजली की तेवढी नाही. म्हणजे "हे माझं" आणि "लांब राहा" हे त्यांना नुसत्या आवाजावरून वेगळं कळतं. आमचं हाडाचं भांडण तेच होतं. वाघ्या पाठमोरा बसून हाड चघळत होता, गुरगुरला, कापशी मागून आली, तिला ना त्याचं तोंड दिसत होतं ना आवाज येत होता. तेव्हापासून हाड फक्त वेगळ्या खोलीत, दार लावून. यावर जास्त काही सांगण्यासारखं नाही.

आता काय बदललं. पहिलं म्हणजे उजेड. बोळात आणि मागच्या दाराशी दोन झिरोचे बल्ब, रात्रभर चालू, इन्व्हर्टरवर. एवढ्या एका गोष्टीनं अर्धा प्रॉब्लेम गेला, पहिल्याच दोन पाण्याच्या रात्री नुसती तोंडातोंडी झाली, दात लागले नाहीत. मला वाटतं बाकी काही जमलं नाही तरी हे करा, खर्च नाही काही.

दुसरं झोपायची जागा. तिची चादर बोळातून उचलून मधल्या खोलीच्या कोपऱ्यात टाकली, दोन बाजूला भिंत, तोंड दाराकडं, म्हणजे कुणी आलं तर समोरूनच येणार. पण हे एप्रिलमध्ये केलं आणि मे मध्ये पार कोसळलं. आपल्याकडं मे मध्ये ४३-४४ डिग्री जातं, ती रात्री उठून परत थंड फरशीवर बोळात जाऊन झोपायची आणि भांडण परत सुरू. आठ दिवस कळेना की जमलेलं का बिघडलं. मग तिच्या कोपऱ्यातच ओलं पोतं अंथरलं, कूलरचं तोंड तिकडं केलं, आणि बोळाला रात्री लाकडी फळी आडवी लावली. कुत्रं जिथं झोपतं तिथं का झोपतं हे आधी बघायला पाहिजे होतं.

तिसरं उठवणं, आणि यात आम्ही सगळ्यात जास्त चुकलो. सगळे सांगतात बहिऱ्या कुत्र्याला पाय आपटून उठवा, फरशीची थरथर कळते. आमच्याकडं कधी उठायची, कधी अजिबात नाही, आम्हाला वाटायचं हट्टी आहे. वहीत "माग चालू होते का" हा रकाना होता म्हणून कळलं. माग चालू असले की घराची फरशी सतत थरथरत असते, तिच्या अंगाला ती थरथर इतकी सवयीची झाली आहे की आपला पाय त्यात हरवतो. सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की लगेच उठते, पण दचकून उठते. म्हणून पाय आपटणं सोडूनच दिलं. आता आधी नाकासमोर मूठ धरायची, वास गेला की नाक हलतं, कान हलतो, मग खांद्याला हलका हात, कायम खांद्यालाच आणि कायम उजव्या बाजूनं, आणि डोळे उघडताक्षणी तोंडात उकडलेल्या चिकनचा तुकडा. हे पहिला आठवडा ती जागी असतानाच केलं, नुसतं खांद्याला हात आणि तुकडा. मग पेंगत असताना. मग झोपेत. महिनाभरात अशी झाली की हात लागला की डोळे उघडायच्या आधी शेपटी हलते. पोराला पक्कं सांगितलंय, नाकाला वास दिल्याशिवाय हात लावायचा नाही, पाहुण्यांच्या पोरांना तर झोपलेल्या कापशीजवळ जायचंच नाही. (खाऊ म्हणून कडक भाकरीचा तुकडा पण चालतो पण शेंगा चटणी लावलेली नको, लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्ताला वाईट.)

चौथं खुणा. इथं अण्णा कामाला आले. त्यांनी चाळीस वर्षं मागावर काढली आहेत आणि शेडमध्ये आठ माग चालू असताना कोण काय बोलणार, तिथं सगळं हातावरच चालतं. मी मोबाईलवर बघून बघून खुणा शिकवत होते, रोज वेगळी, तिला काही समजेना. अण्णा म्हणाले, खूण लांबून दिसली पाहिजे, एका हातानं झाली पाहिजे कारण दुसऱ्या हातात काहीतरी असतंच, आणि दोन खुणा एकमेकींसारख्या नकोत. तळवा आडवा म्हणजे थांब, शेडमध्ये माग बंद करायला करतात तीच. बोटं आत वळवली म्हणजे ये. तळवा खाली दाबला म्हणजे बस. अंगठा वर म्हणजे शाबास. आणि मूठ उघडून रिकामा तळवा दाखवला म्हणजे संपलं, शेडमध्ये सुताची कांडी संपली की दाखवतात तशी. ही शेवटची खूण तिला इतकी पक्की बसली की खाऊ संपल्यावरचं मागं लागणंच बंद झालं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना सुद्धा माणसाच्या हाताच्या खुणा कळतात हे कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या लोकांनी २०२० मध्ये दाखवलंय, बोट दाखवलेल्या वाडग्याकडं जवळ आलेल्यांपैकी साधारण ८० टक्के कुत्री गेली, कुणी शिकवलेलं नसताना. म्हणजे आपल्या गावठी पिलाला हे जड नाही.

पण खुणेच्या आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे तिनं आपल्याकडं बघणं. पहिले दोन आठवडे मी फक्त एवढंच केलं, तिनं आपणहून माझ्याकडं बघितलं की अंगठा आणि तुकडा. काहीही काम न सांगता. आता ती दर थोड्या वेळानं मान वळवून मी कुठं आहे ते बघून घेते. रात्री अंगणात असेल तर टॉर्च दोनदा जमिनीवर मारायचा. लेसर लाईट वापरू नका, कुत्री त्या ठिपक्यामागं वेडी होतात आणि मग प्रत्येक चमकेमागं धावतात. थरथरणारा पट्टा मिळतो तो आम्ही घेतला नाही, घ्यायचाच तर शॉक देणारा नाही ना हे नीट बघून घ्या, आणि थरथरलं की मालकाकडं बघायचं, बघितलं की खाऊ, असं घरात आधी शिकवा. आणि बाहेर कितीही शिकलेली असली तरी साखळी सोडायची नाही, हॉर्न तिच्यासाठी नाहीच.

कापशीच्या गळ्यात घुंगरू आहे. लोक विचारतात बहिऱ्या कुत्रीला घुंगरू कशाला. ते तिच्यासाठी नाही, वाघ्यासाठी आहे, ती मागून आली तर त्याला आधी कळतं, आणि आम्हाला ती कुठं आहे ते कळतं.

यापुढचं जे झालं ते आम्ही केलेलं नाही, कुत्र्यांनी केलं, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चिंगी. तिला कापशीशी खेळायचं असलं की आधी समोर येऊन पुढचे पाय खाली टाकून ढुंगण वर करायची, सगळी कुत्री करतात तसं खेळायचं आमंत्रण. कापशी दुसरीकडं बघत असेल तर चिंगी भुंकायची, वाट बघायची, निघून जायची. आता भुंकत नाही. आधी कापशीच्या मांडीला नाक लावते, कापशी वळली की मग वाकते. मला वाटलं हे आमच्या चिंगीचंच डोकं, पण अलेक्झांड्रा हॉरोविट्झ म्हणून अमेरिकेतल्या अभ्यासक आहेत, त्यांनी खेळणाऱ्या कुत्र्यांचे व्हिडिओ सावकाश बघून २००९ मध्ये लिहिलं की कुत्री समोरचं कुत्रं आपल्याकडं बघत असेल तेव्हाच वाकतात, बघत नसेल तर आधी धक्का देऊन, हलकं चावून लक्ष वेधतात. म्हणजे समोरच्याचं लक्ष आहे का नाही हे त्यांना कळतं, आणि बहिऱ्या जोडीदाराबरोबर तेच कौशल्य जास्त वापरलं जातं एवढंच.

खेळाच्या बाबतीत अजून एक. पिल्लं एकमेकांना चावताना जोरात लागलं की दुसरं केकाटतं, त्यावरून जबडा किती दाबायचा हे शिकतात. कापशीला केकाटणं ऐकूच आलं नाही, म्हणून ती लहानपणी फार जोरात चावायची, पोराच्या हातावर अजून खुणा आहेत. तिला शिकवलं चिंगीनंच, जोरात लागलं की चिंगी उठून पाठ फिरवून निघून जायची. आम्ही पण तेच केलं, दात जोरात लागला की हात काढून उठून दुसऱ्या खोलीत. ओरडण्याचा उपयोग शून्य.

वाघ्याला वेळ लागला. आम्ही त्याच्यावर ओरडणं बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्याचं गुरगुरणं परत आलं, मला इतका आनंद झाला की मिस्टर म्हणाले कुत्रं गुरगुरलं म्हणून खूश होणारी बाई पहिल्यांदा बघतोय. आणि मग हळूहळू त्यानं त्यात भर घातली. कापशी नको असेल तर आता तो तिच्यासमोर आडवा उभा राहतो, मान वळवतो, ओठ चाटतो, सगळं दिसेल असं, सावकाश. ती पण त्याच्याकडं बघून लगेच जमीन हुंगायला लागते. आधी हे दोघं एकमेकांवर आवाज आणि दात एवढंच वापरत होते.

भांडण झालंच तर सोडवायचं कसं ते लिहिते, कारण मिस्टरांची पोटरी त्यातच गेली. मध्ये हात किंवा पाय घालायचा नाही, पट्टा धरायला जायचं नाही. आमच्याकडं बोळाच्या तोंडाशी एक जाड सोलापुरी चादर कायम घडी करून ठेवलेली असते, ती दोघांवर टाकायची, एकदम अंधार झाला की बऱ्याचदा पकड सुटते, मग मोठा प्लास्टिकचा टब मध्ये सरकवायचा. चादर काढायच्या आधी एकाला दाराआड करायचं. ओरडू नका, एकाला ऐकू येत नाही आणि दुसरा अजून चेततो. माणसाला दात लागला तर साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, हळद-चुना काही लावायचा नाही, आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन सुरू करायचं, घरचं कुत्रं असलं आणि त्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरला दाखवूनच ठरवायचं.

अजून पूर्ण सुटलेलं नाही. मागच्या पावसाळ्यात एका रात्री लाईट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी पण बसली आणि नेमकं तेव्हाच पाणी आलं, परत भांडण झालं, कापशीच्या मानेला दोन दात. आता बोळात चार्जिंगचा एक छोटा लाईट पण लटकवलाय, तो लाईट गेली की आपोआप लागतो. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला शोभेच्या दारूकामाच्या रात्री वाघ्या कॉटखाली थरथरत असतो, कापशीला काही ऐकू येत नाही पण त्याला थरथरताना बघून ती त्याचं तोंड चाटायला जाते आणि त्याला ते अजिबात नको असतं, त्या रात्री दोघांना वेगळं ठेवणं एवढाच उपाय सध्या आहे. कुणाकडं दुसरा काही असेल तर मला पाहिजे आहे.

परवा पाणी पावणेदोनला आलं. वाघ्या भुंकला, धावला, फळीपाशी थांबला, तोपर्यंत मी उठून ती काढली. चिंगी उठली आणि बोळाकडं न जाता आधी मधल्या खोलीत गेली. मी हंडा घेऊन मागं गेले तर ती कापशीच्या खांद्याला नाक लावून उभी होती, उजव्या बाजूनं, आम्ही लावतो तसंच. वहीत त्या तारखेपुढं मी फक्त वेळ लिहिली.